सातवी चौकट

वेंटवर्थव्हिल, सिडनी
२ मार्च २०२५

मयूरा,

वर आधी 'सौ.' लिहिलं होतं, ते खोडलेलं तुला दिसेलच. हाताला जुनी सवय. खोडल्यावर 'श्रीमती' लिहायला हात धजेना, म्हणून नुसतं नाव ठेवलं. नवा कागद घेता आला असता. मग वाटलं, तुझ्यापासून काय लपवायचं.

तू माझा नंबर ब्लॉक केल्याला दोन वर्षं होऊन गेली. पत्र लिहिणार असं नवरा म्हणून अजितला सांगितलं, तर म्हणाला, "पत्र? इथे स्टॅम्प कुठे मिळतो ते तरी माहीत आहे का तुला?" ईमेल तू न उघडता टाकून देशील. पाकीट हातात आलं की माणूस फोडतोच. तुझा मेलबर्नचा, वेरिबीचा पत्ता नीलाच्या तिथल्या बहिणीकडून मिळाला. तिच्यावर रागावू नकोस, मी खोटं सांगून घेतला.

कामाचं आधी सांगते. वेदनेच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीवर दावा चालला होता. ह्या गोळ्यांची सवय लागत नाही असं सांगून त्यांनी त्या डॉक्टरांच्या गळ्यात मारल्या, असा. कंपनीने कोर्टाबाहेर तडजोड केली आणि त्या पैशातला थोडा भाग आमच्या इथल्या छोट्या संस्थांना ग्रँट म्हणून वाटायला आला आहे. आमचा 'सोबत' नावाचा गट आहे. आठ बायका, दर गुरुवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत जमतो. आम्ही अर्ज करतोय. आठवड्यातून दोन दिवस नर्स बसवायची, मराठी आणि हिंदीत बोलणारा फोन ठेवायचा, गोळ्यांत अडकलेल्या माणसांच्या घरच्यांना बसून बोलायला जागा द्यायची. केंद्राला यतीनचं नाव द्यायचं ठरलं आहे.

ग्रँटचं काम बघणारी सरिता तमिळ आहे, पण आमच्याशी हिंदीत बोलते. तिने पहिला मसुदा वाचला आणि माझ्यासमोर बंद केला. "चित्राजी, सब लोग सेम चीज लिखते हैं. अवेअरनेस, वर्कशॉप, योगा. पॅनल को एक फॅमिली चाहिए. एक रियल आदमी." मग मी यतीनबद्दल सांगितलं. तो गेला तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर आपण 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' असं टाकलं होतं. आपण म्हणजे मीच. मागच्या गुरुवारी पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हटलं, माझा भाऊ गोळ्यांनी गेला. नीला रडली. मीही. सगळ्या मला धीट म्हणाल्या.

आता तुझ्याकडचं काम. यतीनची हकिगत वापरायला सर्वांत जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. मी म्हटलं, मी सख्खी बहीण आहे. सरिता म्हणाली, "वाइफ है ना?" आहे म्हटलं.

फॉर्मची पूर्ण प्रत जोडली आहे. शेवटच्या पानावर पिवळी चिठ्ठी लावली आहे, तिथे सही कर आणि तेवढं पान परत पाठव. पाकीट, स्टॅम्प सगळं आत आहे. शेवटची तारीख ३१ मार्च.

चिन्मयी आता अकरावीत असेल. तिला आत्याची आठवण येते का, ते विचारत नाही.

आई माझ्याकडेच आहे. तिला घरात तुझं नाव चालत नाही, म्हणून हे लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. डबा तसाच राहिला.

चित्रलेखाताई


१३ मार्च

मयूरा,

पाकीट आलं. मला वाटलं सही आली. पान उलटून बघितलं, सहीची जागा कोरी. पिवळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने एक ओळ: 'सात नंबरच्या चौकटीत काय लिहिणार?' ना प्रिय, ना ताई.

चौदा पानांच्या फॉर्ममधली नेमकी तीच चौकट तुला दिसली. डॉक्टरांनी औषध बंद केल्यावर ते त्या व्यक्तीपर्यंत कसं पोहोचत होतं? शंभर शब्दांत लिहा. मी 'वेगवेगळ्या मार्गांनी' असं लिहिणार होते. खोटं नाही ते.

तुला काय हवंय ते मला कळलं. पण मलाही काही आठवण करून द्यायची आहे.

ऑफिस हलवताना यतीनने सर्व्हर उचलला आणि त्याची पाठ गेली. ऑपरेशन झालं, दीड वर्ष त्याला डॉक्टरांनीच ह्या गोळ्या दिल्या. मग एक दिवस त्यांच्या कॉम्प्युटरवर जास्त गोळ्यांची लाल खूण आली आणि त्यांनी त्या लिहून देणं बंद केलं. तू म्हणालीस, बरं झालं, आता गोळ्या सोडवणाऱ्या क्लिनिकला नाव घालू. क्लिनिकची तारीख होती चार महिन्यांनंतरची. तो मात्र त्याच संध्याकाळी मला फोनवर म्हणाला, "ताई, काहीतरी कर." लहानपणी दप्तर विसरला की म्हणायचा, तसाच. मोठ्या बहिणीने काय करायला हवं होतं?

पुण्यात आपल्या ओळखीचा मेडिकलवाला आहे, तो चिठ्ठी मागत नाही. आमचा 'येताना-जाताना' ग्रुप तुला माहीत आहे. त्यावर टाकलं, 'कोणी येतंय का? छोटं पार्सल आहे, भाजणी आणि थोडं औषध.' दहा मिनिटांत तीन अंगठे आले. थोडं औषध कोणाच्या बॅगेत नसतं? आपल्यात कोणी नाही म्हणत नाही, आणि काय औषध म्हणून विचारतही नाही. विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. मी एकदाच मागवलं.

ते घेऊन मी तुमच्या तेव्हाच्या इथल्या घरी आले तो दिवस तुझ्या लक्षात असेल. तू ओट्याशी उभी होतीस. पिशवी हातात घेतलीस आणि परत माझ्याकडे केलीस.

"ताई, हे परत न्या."

"अगं, भाजणी आहे. भाजणी कोणी परत नेतं का?"

"भाजणीखालचं न्या."

आतून यतीन ओरडला, "कोण, ताई का?" आणि तुझा चेहरा असा झाला की जणू मी चोरी करायला आलेय. मला राग आला. मी म्हटलं, "माणूस कळवळतोय आणि तू कुलूप लावून बसतेस. जनावराला तरी कोणी असं ठेवतं का?" चिन्मयी दारात होती. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

कुलपाचं खोटं होतं का? डॉक्टरांनी कमी करत संपवायला दिलेल्या शेवटच्या गोळ्या तू कपाटात कुलपात ठेवायचीस. किल्ली तुझ्या गळ्यातल्या साखळीत. दिवसाला किती ते वहीत लिहून, अर्धी अर्धी तोडून त्याच्या हातावर ठेवायचीस. मी पाहिलंय, तो हात पसरून उभा असायचा. तुला ते औषध कमी करणं वाटत होतं. मला माझा भाऊ भीक मागताना दिसत होता.

तेराव्याला मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. घरात बायको असून माणसाचं पोट खपाटीला गेलं, असं. तुझ्या मागे चिन्मयी ताटं घेऊन उभी होती हे मला नंतर कोणीतरी सांगितलं.

हे आता का उकरतेय? सहीसाठी. शेवटच्या पानाची नवी प्रत पाठवतेय.

तीन वेळा मागवलं असेल मी. वर एकदा लिहिलंय, ते तसंच राहू दे.

चित्रलेखाताई


२२ मार्च

मयूरा,

तुझं पत्र मी वेस्टमीड हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, गाडीत बसून वाचलं. तिसऱ्या मजल्यावर. शिफ्ट सुरू व्हायला वीस मिनिटं होती, मी पाऊण तास तिथेच बसले.

तुझं पत्र माझ्यासमोर आहे. तू लिहिलंयस:

'ताई, सही करते. एकच अट. सातव्या चौकटीत खरं लिहा. गोळ्या तुम्ही मागवत होतात आणि मी नको म्हणत होते, एवढंच. तुमची बदनामी मला नकोय, हवं तर नाव घालू नका, नुसतं बहीण लिहा. चिन्मयीला वाटतं, तिच्या बाबांचा छळ मी केला. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. डबा दे, वायफाय गेलंय, सही कर. किल्ली माझ्या गळ्यात होती, एवढंच तिने पाहिलं. मी सांगायला गेले की ती म्हणते, ऑफ कोर्स यू वुड से दॅट. तेव्हा तुम्ही लिहा. छापलेलं, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं तिला वाचू दे. मला यतीन परत नकोय, ताई. मुलगी परत हवी.'

शेवटची ओळ वाचून मला तुझा राग आला. 'यतीन परत नकोय' असं कोणी लिहितं का? मग परत वाचली.

मी लिहिलंय. चौकट भरलेली प्रत जोडली आहे, बघ. इंग्रजी साधंच आहे. तुला समजेल, पण तरी मराठीत सांगते: 'डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्यावर त्या मी, त्याच्या बहिणीने, भारतातून येणाऱ्या ओळखीच्या लोकांबरोबर मागवल्या. त्याची पत्नी पहिल्या दिवसापासून नको म्हणत होती. ती त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून देत होती. मी ते छळणं समजले.'

हे लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. लिहून झाल्यावर मी आरशात बघितलं, मी तशीच होते. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल.

आता खरं लिहितेच आहे तर पुरतं लिहिते. तीन वेळा नाही. अकरा. पहिली तीन तुझ्या ओट्यावर आली. तू परत देऊ लागलीस तेव्हा मी तुझ्याकडे देणं बंद केलं. बाकीची आठ थेट त्याच्या हातात. तू त्याला अर्धी द्यायचीस आणि खूश व्हायचीस की तो निभावतोय. मी आणि तो हसायचो, मयूरा. 'मॅडमची अर्धी गोळी' म्हणायचो.

शेवटचं पार्सल मंडळाच्या उल्हासदादांनी आणलं. शनिवारी दुपारी यतीन माझ्या दारापर्यंत आला, गाडीतून उतरवत नव्हतं त्याला. मी गाडीच्या खिडकीतून पाकीट दिलं. म्हणाला, "तू आहेस म्हणून, ताई." रविवारी दुपारी तुझा फोन आला.

हॉस्पिटलमध्ये त्या तरुण डॉक्टरने विचारलं, घरात औषधं कोण बघायचं? मी तुझ्याकडे बघितलं. बोट नाही केलं. नुसतं बघितलं. तू चिन्मयीचा हात धरून उभी होतीस आणि म्हणालीस, "मी." तू खरंच उत्तर दिलंस. डॉक्टर ते लिहून घेत होता तेव्हा मी काही बोलले नाही.

सहीचं पान लवकर पाठव. एक्स्प्रेसने पाठव, पाकीट तसलंच ठेवलंय.

ह्या वेळी खाली नुसतं ताई लिहिते.

ताई


१ एप्रिल

मयूरा,

सही सत्तावीसला मिळाली. लग्नाच्या रजिस्टरवर केली होतीस तशीच आहे. इतकी वर्षं झाली, माणसाची सही बदलत कशी नाही?

फॉर्म काल संध्याकाळी गेला. थोडा बदल करावा लागला, तो तुला सांगायला हवा.

गुरुवारी गटात मी सातवी चौकट वाचून दाखवली. नीलाने पाण्याची बाटली उघडली आणि बंद केली. घरी येईपर्यंत उल्हासदादांचा फोन. तासाभरात ते दारातच. तुला माहीत आहेत ते. मंडळाचे तीन वेळा अध्यक्ष, चपला काढायच्या आधी बोलायला लागतात.

"चित्रलेखा, तू आत्महत्या कर, माझी ना नाही. आम्हाला कशाला बरोबर घेतेस?"

"तुमचं नाव कुठे आहे दादा?"

"'ओळखीच्या लोकांबरोबर.' हे ओळखीचे लोक कोण? मला कस्टम्समध्ये उभं करून विचारतील. मी काय सांगू, भाजणी होती? माझ्या अनिशची सिटिझनशिपची मुलाखत मे महिन्यात आहे. अकरा पार्सलं, अकरा घरं. एकाही माणसाला माहीत नव्हतं आपण काय आणतोय."

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"मग तू तुझ्यापुरतं ठेव."

आई आतल्या खोलीत होती. तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मला कळलं की ती ऐकतेय. दादा गेल्यावर मला म्हणाली, "कसली पार्सलं गं?" मी म्हटलं, भाजणीची. तिने टीव्ही बंदच केला. एक्क्याऐंशी वर्षांची आहे ती, मयूरा. एक मुलगा गेला. उरलेल्या मुलीनेच त्याला घालवलं, हे तिने कुठल्या उशीवर डोकं ठेवून ऐकायचं?

काल सरिताला फोन केला. म्हटलं, सातव्यात बदल करायचा आहे. ती म्हणाली, "छोटा रखो. ऑनलाइन में वैसे भी पहले लिस्ट आती है." खरंच यादी उघडते. औषध कोणी मिळवून दिलं? पती किंवा पत्नी. आई-वडील. भावंड. मित्र. माहीत नाही. एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी 'माहीत नाही'वर बाण नेला. सरिता म्हणाली, "नॉट नोन लिखोगे तो पॅनल बोलेगा, फिर आपको पता क्या है?" 'भावंड'वर नेला. एकच भावंड आहे.

पहिला पर्याय निवडला.

खालच्या चौकटीत एक ओळ लिहिली, की पत्नी औषधं कुलपात ठेवून स्वतःच्या हिशेबाने देत असे. ते तू नाकारणार नाहीस. तुझ्या सहीचं पान वेगळं होतंच, ते शेवटी जोडलं.

नाव कुठेही नाही, नुसतं 'पत्नी' आहे. तू वेरिबीला. तिथे तुला कोण ओळखतं? मी इथे रोज ह्याच रस्त्यावर भाजी घेते.

तुझं किती वाईट मी केलं हे मला कळतं. ज्याला कळतं त्याच्या हातून निदान पुढचं बरं होतं, असं मी स्वतःला सांगते.

चित्रलेखाताई


२० जून

मयूरा,

ग्रँट मिळाली. अठ्ठावीस अर्जांतून सहा निवडले, त्यात आपला पहिला. पॅनलने लिहिलंय, 'असामान्य प्रामाणिकपणा.' सरिताने मिठी मारली.

एक एप्रिलचं पत्र ह्याच पाकिटात आहे. ते आधी वाच. पर्समध्येच राहिलं. विसरले नव्हते. रोज लॅबच्या लॉकरमध्ये पर्स ठेवताना ते हाताला लागायचं. तुला वेळेवर मिळालं असतं तर तू सही मागे घेतली असतीस. मी तुझ्या जागी असते तर घेतली असती.

निवडलेल्या अर्जांचा सारांश परवा वेबसाइटवर आला, यतीनच्या फोटोसकट, आणि तळाशी तुझ्या सहीच्या पानासकट. निळ्या स्वेटरमधला, तू काढलेला फोटो. तो छान दिसतोय.

तुला तक्रार करायची असेल तर ईमेल त्यांच्या पानावर तळाशी आहे. मी अडवणार नाही. फक्त एवढा विचार कर, की ते चौकशी करतील तेव्हा आधी हॉस्पिटलचा कागद काढतील. त्यावर, औषधं कोण बघायचं, ह्यापुढे तुझं उत्तर आहे. किल्ली तुझ्याकडे होती हे चिन्मयीला विचारलं तर तीही सांगेल. माझ्या पार्सलांचा कागद कुठेच नाही. खिडकीतून दिलेल्या पाकिटाचा कागद कसा असेल? माझ्या पत्रांशिवाय तुझ्याकडे काही नाही, आणि तू ती ठेवलीस की फाडलीस मला माहीत नाही. ठेवली असशील तर दाखव. मला कधीकधी वाटतं, दाखवावीस. मग आई डोळ्यांसमोर येते.

केंद्राचं उद्घाटन पाच जुलैला, शनिवारी दुपारी. समई तू लाव असं माझ्या मनात आहे. शेवटी पत्नी तू. मेलबर्नहून तिकीट मी काढते. चिन्मयीलाही आण.

चित्रलेखाताई


१२ जुलै

मयूरा,

तुझे सगळे निरोप मिळाले. अजितच्या फोनवर आलेले, नीलाच्या बहिणीकडून आलेले. चिन्मयी इथे आहे, सुखरूप आहे. तुला मी तेव्हाच कळवायला हवं होतं. पण ती म्हणाली, "डोन्ट टेल हर येट," आणि सोळा वर्षांच्या मुलीचा पहिलाच शब्द मोडला तर ती दुसरीकडे गेली असती.

ती उद्घाटनाच्या दिवशी आली. एकटी, पाठीवर शाळेची बॅग. खोलीत पन्नासेक माणसं होती, आई खुर्चीवर बसून समई लावत होती. मी मान वर केली तर दारात यतीन उभा. तेच कपाळ, तेच एका पायावर भार देऊन उभं राहणं. माझ्या हातातली काड्यापेटी पडली. आईने तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर रडली, म्हणाली, "माझ्या यतीनचं एवढंच उरलंय." फोटो सगळ्यांनी काढले. चांगले आलेत, पण तुला पाठवणं बरोबर दिसणार नाही.

तू निरोपात विचारलंस, तिला मी काय सांगितलं. सांगते.

रात्रीची भांडी झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मराठी अडखळत बोलते, पण माझ्याशी मराठीतच बोलायचा प्रयत्न करते. म्हणाली, "आत्या, मार्चमध्ये ममने मला एक सांगितलं. ती म्हणाली, सिडनीत एक गोष्ट छापून येणार आहे. बाबाबद्दल. ती आली की वाच, मग माझ्याशी बोल. तोपर्यंत मी काही बोलणार नाही. आय वॉज लाइक, ओके, व्हॉटेव्हर. पण मी एव्हरी वीक चेक करायचे. एव्हरी मंडे, बसमध्ये."

मयूरा, हे मला माहीत नव्हतं. तू तिला वाट बघायला लावलीस हे तू मला लिहिलं नव्हतंस.

"मग आली," ती म्हणाली. "मी वाचली. आय थॉट, मम वॉन्ट्स मी टू नो शी वॉज राइट. आणि त्यात तर तीच आहे. शी सेंट मी टू रीड हर ओन कन्फेशन. खाली तिची सही पण आहे, आत्या. हू डज दॅट?"

मी तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"सो इट वॉज हर? मम गॉट द पिल्स?"

अजित सोफ्यावर होता. त्याने पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं माहीत आहे. दोन पार्सलं एअरपोर्टवरून त्यानेच आणली होती. त्याच्या नजरेत काय होतं ते मी तुला सांगू शकत नाही, कारण मी तिकडे नीट बघितलं नाही. पेपर परत वर गेला.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्याकडे तयारही होतं, चार संध्याकाळी बसून लिहिलेलं. दुसऱ्या खोलीत आई जपाची माळ ओढत होती, आणि तुझी मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. तिच्या केसांना तुमच्या घरच्या तेलाचा वास येतो.

मी हो म्हटलं नाही. एवढं तू लक्षात ठेव.

मी म्हटलं, "तुझी आई वाईट नव्हती गं. तिला कळलं नाही, एवढंच. तिला माफ कर."

ती म्हणाली, "आय कान्ट."

"प्रयत्न कर, बाळा."

मी तिला रोज सांगते, मयूरा. सकाळी नाश्ता देताना, संध्याकाळी ती आईच्या पायांना तेल लावत बसते तेव्हा. तुझी बाजू घेणारी ह्या घरात मी एकटी आहे. अजून तरी ती ऐकत नाही.

चित्रलेखाताई